स्कायरिममध्ये साम्राज्य बरोबर की स्टॉर्मक्लोक?

‘स्कायरिम’ या व्हिडिओ गेममध्ये, नॉर्ड लोकांच्या त्याच नावाच्या प्रांतात, साम्राज्य आणि उल्फ्रिकचे बंडखोर स्टॉर्मक्लोक यांचं युद्ध चाललेलं असतं. टॅलोस या देवाची पूजा बंद करणाऱ्या साम्राज्याला नॉर्ड लोकांवर राज्य करायचा हक्कच उरत नाही, असं तुमचा मित्र म्हणतो आणि त्यावर काय बोलावं असं तुम्ही विचारलंय. मी दोन्ही बाजूंनी हे युद्ध खेळलोय आणि हा वाद अनेकदा हरलोही आहे, म्हणून सांगतो: मित्राचं अर्धं म्हणणं सरळ मान्य करून टाका.

टॅलोस देव आहे का, हा एक प्रश्न. उल्फ्रिकनं आत्ताच बंड करावं का, हा वेगळा. स्टॉर्मक्लोकवाले पहिला जिंकून दुसराही खिशात घालतात. साम्राज्यवाले पहिल्याला बगल देतात आणि तिथंच घसरतात.

पहिला माझ्या मते निकालात निघालेला आहे. टॅलोस म्हणजे साम्राज्य उभं करणारा टायबर सेप्टिम. माणूस देव होऊच शकत नाही, हे थालमोरचं, म्हणजे साम्राज्याशी लढलेल्या एल्फांच्या राजवटीचं, म्हणणं. पण गेममध्ये त्याच्या वेदीपाशी प्रार्थना करून पाहा. बाकी आठ देवांसारखाच आशीर्वाद मिळतो, दोन शाउटमधला (जादुई आरोळ्यांमधला) वेळ २० टक्क्यांनी घटतो. (ती शक्ती देवाची नसून भक्तांच्या श्रद्धेची, असं म्हणणारे भेटतात. मग मारा आणि आर्के या बाकीच्या देवांनाही तोच नियम लावा म्हणावं.) तेव्हा नॉर्डांची श्रद्धा खोटी आहे, असं चुकूनही म्हणू नका.

खरा कस तहाच्या मुद्द्यावर लागतो. चौथ्या युगाच्या १७१ साली थालमोरचा दूत मागण्या घेऊन आला, सोबत ब्लेड्सच्या, म्हणजे सम्राटासाठी काम करणाऱ्या संघटनेच्या, हेरांची मुंडकी भरलेली गाडी. सम्राट टायटस मीड दुसरा यानं नकार दिला. १७४ मध्ये राजधानी पडली, १७५ मध्ये त्यानं ती परत घेतली, आणि लगेच जो तह केला त्यात जवळपास त्याच मागण्या होत्या: टॅलोसची पूजा बंद, ब्लेड्स बरखास्त, हॅमरफेल प्रांताच्या दक्षिणेचा मोठा भाग थालमोरला. मग चार वर्षं माणसं मारली कशाला? हा स्टॉर्मक्लोक बाजूचा सगळ्यात जड मुद्दा आहे आणि तो हलक्यात घेऊ नये. त्यात हॅमरफेलनं तह धुडकावला, एकट्यानं लढत राहिलं आणि १८० मध्ये थालमोरला माघार घ्यावी लागली.

साम्राज्याचं उत्तर असं की, राजधानी परत घेतली तेव्हा साम्राज्याच्या एकाही लीजनमध्ये (सैन्यदलात) निम्म्याहून जास्त सैनिक लढण्याच्या अवस्थेत नव्हते. शिवाय हॅमरफेल अगदीच एकटं नव्हतं. सेनापती डेसियानसनं परतताना बरेच अनुभवी सैनिक ‘जायबंदी’ ठरवून तिथंच मागे ठेवले होते. मला हे पटतं, पण एक खोच लक्षात ठेवा: या युद्धाचा जो इतिहास आपण गेममध्ये वाचतो, तो साम्राज्याच्याच एका लेगेटनं (सेनाधिकाऱ्यानं) लिहिलेला आहे. स्कायरिममधल्या मार्कार्थ शहरातल्या कत्तलीचा ठपका उल्फ्रिकवर ठेवणारा लेखकही साम्राज्याचाच विद्वान. मित्र हुशार असेल तर हे काढेलच.

मग मी रिव्हरवुड या खेड्यातल्या लोहाराकडे वळतो. अल्वोर सांगतो की त्याच्या लहानपणी बंदीला कोणी फारसं विचारत नसे, घरोघरी टॅलोसची छोटी वेदी असायची. उल्फ्रिकच्या लोकांनी आरडाओरडा सुरू केल्यावर सम्राटाला सक्ती करावी लागली आणि रात्री-अपरात्री माणसं उचलली जाऊ लागली. अल्वोर साम्राज्याच्या बाजूचा आहे हे धरूनही, बंडानं श्रद्धेचं रक्षण झालं की नुकसान, हा प्रश्न उरतोच.

थालमोरच्या वकिलातीतली उल्फ्रिकची फाइल दोन्हीकडचे लोक अर्धवट वाचतात. ‘बघा, थालमोरचा माणूस!’ असं म्हणून ती नाचवू नका. तिथं त्याची नोंद ‘सहकार्य न करणारा हस्तक’ अशी आहे. मात्र त्याच कागदात लिहिलंय की साम्राज्य जिंकलं तर थालमोरचं नुकसान, आणि स्टॉर्मक्लोकांचा विजयही टाळायचाच. त्यांना युद्ध रेंगाळायला हवंय. उल्फ्रिक गद्दार नसेलही, पण त्याचं बंड जितकं लांबतं तितकं थालमोरचं फावतं. माझं मत इथं साम्राज्याकडे झुकतं.

पण साम्राज्य जिंकलं की सगळं छान होतं, असं समजू नका. रिफ्टन शहरात जार्ल, म्हणजे तिथली शासक, कोण होते? चोरांच्या टोळीशी साटंलोटं असलेली मेव्हन ब्लॅक-ब्रायर! स्टॉर्मक्लोक जिंकले तर मार्कार्थ थॉन्गव्हॉर सिल्व्हर-ब्लडच्या हातात जातं, म्हणजे कैद्यांना राबवणारी सिद्ना खाण ज्या घराण्याची, त्याचंच शहर. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी चक्क जुना सेव्ह लोड केला होता. उल्फ्रिकची राजधानी विंडहेल्म, तिचं मात्र साम्राज्याच्या बाजूनं भलं होतं. उल्फ्रिकच्या राज्यात डार्क एल्फ ग्रे क्वार्टर या वस्तीत कोंबलेले आणि आर्गोनियन (सरड्यासारखे लोक) भिंतीबाहेर गोदीत. त्याच्या जागी येणारा ब्रुनवुल्फ फ्री-विंटर निदान त्यांची बाजू ऐकतो.

एवढ्यानंही मित्र हटला नाही, तर त्याला कोणाचीच बाजू न घेता मुख्य कथा पुढे न्यायला सांगा. हाय ह्रोथगार या डोंगरावरच्या मठात दोन्ही पक्ष एका टेबलाशी बसतात. थालमोरची राजदूत एलेनवेनही तिथं येऊन बसलेली असते आणि उल्फ्रिक तिला पाहून भडकतो. तिला बसू द्यायचं की बाहेर काढायचं, यात तुमचा शब्द चालतो. मी दोन्ही वेळा तिला बाहेर काढलं. मित्र काय करतो ते मला जरूर कळवा.