साठ हजारांत व्हिडिओ संपादन आणि गेमिंग

प्रश्न : मी कराड परिसरात लग्नसमारंभ, यात्रा आणि बैलगाडा शर्यती यांचे चित्रीकरण करतो. काही चित्रण फोनवर, तर काही नव्याने घेतलेल्या मिररलेस कॅमेऱ्यावर ४के दर्जात होते. धाकटा भाऊ संध्याकाळी त्याच संगणकावर गेम खेळणार आहे. मॉनिटर, कीबोर्ड आणि माउस आमच्याकडे आहेत. बाकी संगणकासाठी साठ हजार रुपये बाजूला ठेवले आहेत. एका दुकानदाराने ‘आय७, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड’ असा असेम्बल केलेला संगणक बत्तीस हजारांत देऊ केला आहे. तो घेऊन उरलेल्या पैशांत लेन्स घ्यावी का? — एक वाचक, कराड

उत्तर : तो संगणक घेऊ नका. ‘आय७’ हे केवळ मालिकेचे नाव आहे. २०११ सालच्या आय७-२६०० वरही ते आहे आणि २०२४ साली आलेल्या आय७-१४७०० वरही आहे. एवढ्या कमी किमतीत मिळणारा ‘आय७’ बहुधा दुसऱ्या ते चौथ्या पिढीतला असतो आणि कार्यालयांनी मोडीत काढलेल्या यंत्रांतून काढून तो नव्या मदरबोर्डवर बसवलेला असतो. विंडोज ११ इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासून पुढेच अधिकृतपणे चालते, तर विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. ग्राफिक्स कार्डाचेही तसेच. जीटी ७३० सारखे जुने आणि अत्यंत दुबळे कार्डसुद्धा ४ जीबी मेमरीसह विकले जाते, त्यामुळे नुसत्या मेमरीच्या आकड्यावरून कार्डाची ताकद कळत नाही. दुकानदाराला प्रोसेसर आणि कार्ड यांचे पूर्ण क्रमांक कोटेशनवर लिहून मागा. जो लिहून देत नाही त्याच्याकडून खरेदी करू नका.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. संपादनासाठी संगणक निवडताना पहिली चौकशी आपल्या फाइलींची करावी, असे माझे ठाम मत आहे, कारण कमी पैशांत जोडलेला संगणक अडतो तो बहुतेक वेळा तिथेच. आजचे बरेचसे फोन ४के चित्रण एच.२६५ या पद्धतीने दाबून साठवतात. त्यात प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. एक पूर्ण फ्रेम आणि तिच्यानंतरच्या अनेक फ्रेममधले केवळ बदल, अशी रचना असते. बैलगाडा घाटात सुटला तो नेमका क्षण शोधण्यासाठी आपण टाइमलाइनवर एक फ्रेम मागे जाता, तेव्हा संगणकाला आधीच्या पूर्ण फ्रेमपर्यंत मागे जाऊन तिथून पुढचे सगळे बदल पुन्हा उलगडावे लागतात, आणि हे दर वेळी करावे लागते. चित्र अडखळते ते यामुळे. अनेक जण डिस्क हळू आहे असे समजून महागडी एसएसडी घेतात. परंतु फोनच्या ४के ३० फ्रेमच्या चित्रणाला मिनिटाला साधारण १७० एमबी जागा लागते, म्हणजे सेकंदाला तीन एमबीसुद्धा नाही, आणि तेवढा वेग जुनी हार्ड डिस्कही सहज देते. कमतरता असते ती उलगडण्याच्या क्षमतेची.

हे उलगडण्याचे (डीकोड करण्याचे) काम करणारा स्वतंत्र भाग इंटेलच्या प्रोसेसरमधील अंतर्गत ग्राफिक्समध्ये, म्हणजे प्रोसेसरमध्येच असलेल्या चित्र हाताळणाऱ्या भागात असतो आणि त्याला क्विक सिंक म्हणतात. आपल्याला दाखवलेल्या जुन्या आय७ मध्ये एच.२६५ साठी तो नाही. म्हणून माझी शिफारस कोअर आय५-१२४०० या प्रोसेसरची आहे : सहा कोर, बारा थ्रेड, २०२२ साली आलेला आणि डीडीआर४ या आधीच्या पिढीच्या रॅमवरही चालणारा. मात्र नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेला १२४००एफ घेऊ नका. तो थोडा स्वस्त असतो आणि निव्वळ गेम खेळणाऱ्याला तो घेण्यात काहीच गैर नाही, पण त्यात अंतर्गत ग्राफिक्स नसल्याने क्विक सिंकही नसते. एएमडीचा रायझन ५ ५६०० हा गेमसाठी तोडीस तोड प्रोसेसर आहे. त्यातही अंतर्गत ग्राफिक्स नाही, म्हणून आपल्या कामासाठी मी तो दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो.

आपल्या मिररलेस कॅमेऱ्याबद्दल एक बाब विशेष सांगायला हवी. अनेक नव्या कॅमेऱ्यांत ४:२:२ १०-बिट, म्हणजे रंगांची अधिक माहिती साठवणारा पर्याय असतो आणि रंगसंस्काराला (चित्रणानंतर रंग सुधारण्याला) वाव मिळतो म्हणून चित्रण करणारे तो आवडीने निवडतात. या प्रकारचे एच.२६५ चित्रण इंटेलचे अंतर्गत ग्राफिक्स अकराव्या पिढीपासून हार्डवेअरवर उलगडू शकते, तर एनव्हिडियाच्या कार्डांना ही क्षमता २०२५ साली आलेल्या ५० मालिकेपासून मिळाली. तेच ४:२:२ १०-बिट चित्रण एच.२६४ या जुन्या पद्धतीत केले, तर मात्र १२४०० सारख्या बाराव्या पिढीच्या प्रोसेसरचे अंतर्गत ग्राफिक्स आणि एनव्हिडियाचे ३० किंवा ४० मालिकेचे कार्ड दोन्ही हात वर करतात, आणि सगळा भार प्रोसेसरच्या कोरवर पडतो. मीडियाइन्फो हा मोफत प्रोग्राम उतरवून घ्या, फोनची एक आणि कॅमेऱ्याची एक अशा दोन फाइली त्यात उघडा आणि फॉरमॅट, बिट डेप्थ व क्रोमा सबसॅम्पलिंग या तीन ओळी वाचा. कॅमेरा एच.२६४ दाखवत असेल आणि त्यात एच.२६५ चा पर्याय असेल, तर तो निवडल्याने एक रुपयाही खर्च न होता संपादन सुसह्य होईल.

ग्राफिक्स कार्डावर वीस ते पंचवीस हजार खर्च करावेत. गेमच्या दृष्टीने बहुतेक फरक इथेच पडतो, आणि डाव्हिंची रिझॉल्व्हसारखे संपादनाचे सॉफ्टवेअर रंगसंस्कार व इफेक्ट यांसाठी कार्डावरच विसंबते. १२ जीबीचे आरटीएक्स ३०६० या किमतीत मिळाल्यास ते घ्यावे. याच नावाचे ८ जीबीचे मंद कार्डही बाजारात आहे, तेव्हा खोक्यावरचा आकडा वाचूनच पैसे द्या. ते न मिळाल्यास ८ जीबीचे आरटीएक्स ५०५० पाहावे, त्यात वर सांगितलेली ४:२:२ ची सोयही आहे. आरएक्स ६५०० एक्सटी आणि आरएक्स ६४०० ही दोन कार्डे स्वस्त दिसतात, पण त्यांत व्हिडिओ एन्कोड करणारा, म्हणजे तयार व्हिडिओ दाबून साठवणारा भागच नाही, त्यामुळे संपादकाने त्यांच्या वाटेला जाऊ नये. जुने कार्ड घेणे मी सुचवणार नाही. २०२२ च्या सप्टेंबरात इथेरियम या आभासी चलनाचे मायनिंग (ग्राफिक्स कार्डांवर गणिते सोडवून ते मिळवणे) थांबल्यावर रात्रंदिवस राबवलेली असंख्य कार्डे बाजारात आली, आणि त्यांपैकी कोणते किती झिजले आहे हे बाहेरून पाहून कळत नाही.

रॅम १६ जीबी तरी हवी, आणि ती ८ जीबीच्या दोन पट्ट्यांत घ्यावी, म्हणजे प्रोसेसर आणि रॅम यांच्यातले दोन्ही चॅनेल (मार्ग) वापरले जातात. ३२ जीबी घेतल्यास उत्तमच. परंतु २०२५ च्या अखेरीपासून रॅमच्या किमती झपाट्याने चढल्या आहेत, त्यामुळे बजेट ताणण्यापेक्षा आता १६ जीबी घ्या आणि चार स्लॉट असलेला मदरबोर्ड निवडून पुढची सोय करून ठेवा. एच६१० चिपसेटचे (बोर्डावरच्या मुख्य नियंत्रक चिपचे) बोर्ड स्वस्त असतात, पण त्यांत दोनच स्लॉट मिळतात. बी६६० किंवा बी७६० साठी वाढीव पैसे देणे इथे योग्य ठरेल. विंडोज, सॉफ्टवेअर आणि चालू कामासाठी १ टीबीची एनव्हीएमई (वेगवान प्रकारची) एसएसडी, तर पूर्ण झालेल्या लग्नांसाठी साधी हार्ड डिस्क पुरते. कॅबिनेटमधल्या रंगीत दिव्यांवर काहीही खर्च करू नका.

एसएमपीएसमध्ये, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यात मात्र काटकसर नको. कॅबिनेटसोबत फुकट मिळणाऱ्या एसएमपीएसवर ‘४५० वॅट’ लिहिलेले असते. तेवढी वीज तो सलग देऊ शकेल याचा भरवसा नसतो, आणि तो बिघडला तर सोबत मदरबोर्ड किंवा कार्डही नेऊ शकतो. नामांकित कंपनीचा, ८० प्लस ब्राँझ या कार्यक्षमतेच्या प्रमाणपत्राचा ५५० वॅटचा एसएमपीएस घ्या. घरच्या प्लगला अर्थिंग नीट आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्या. वीज जात असेल तर यूपीएस लागेल. ६०० व्हीएचा (व्हीए हे यूपीएसच्या क्षमतेचे माप) नेहमीचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो आणि गेम चालू असताना हा संगणक त्याच्या जवळपास पोहोचेल, म्हणून तो हजार व्हीएच्या पुढचाच असावा.

खरेदीसाठी पुण्याची तपकीर गल्ली किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड गाठता आला, तर दोन-तीन दुकानांची कोटेशन घेऊन तुलना करता येते. किंमत विचारताना १८ टक्के जीएसटी धरून विचारा, आणि पक्क्या बिलावर प्रत्येक भागाचा सिरीयल नंबर लिहून घ्या.

संगणक घरी आल्यावर एक काम विसरू नका. स्वतंत्र कार्ड बसवले की अनेक मदरबोर्ड अंतर्गत ग्राफिक्स आपोआप बंद करतात, आणि ज्यासाठी ‘एफ’ नसलेला प्रोसेसर घेतला तेच निकामी राहते. बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) जाऊन ‘आयजीपीयू मल्टी-मॉनिटर’ किंवा तशाच नावाचा पर्याय चालू करा. नंतर विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स हा भाग उघडा. तिथे इंटेलचे आणि एनव्हिडियाचे असे दोन जीपीयू (ग्राफिक्सचे प्रोसेसर) दिसले पाहिजेत. कोणत्याही व्हिडिओ प्लेअरमध्ये फोनवरचे ४के चित्रण सुरू करा आणि दोन्हींचे ‘व्हिडिओ डीकोड’ आलेख पाहा. त्यांपैकी एक वर गेला आणि प्रोसेसरचा आलेख खालीच राहिला, तर उलगडण्याचे काम योग्य जागी होत आहे. सॉफ्टवेअरची गोष्ट वेगळी : रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीतून ३८४० × २१६० आकाराचा, ६० फ्रेमपर्यंतचा व्हिडिओ बाहेर काढता येतो आणि आपल्या कामाला तेवढे पुरे आहे, पण हार्डवेअरचा पुरेपूर वापर सशुल्क आवृत्तीच करते. मोफत आवृत्तीत चित्र अडखळले, तर रात्री झोपण्यापूर्वी सगळ्या क्लिपच्या प्रॉक्सी, म्हणजे कमी दर्जाच्या हलक्या प्रती तयार व्हायला लावा. सकाळी त्यांवर संपादन करता येते आणि अंतिम व्हिडिओ मूळ फाइलींवरूनच तयार होतो.

प्रश्न : माझ्याकडे कार्यालयातून विकत घेतलेला चौथ्या पिढीच्या आय५ चा लहान आकाराचा संगणक आहे. नवा घेण्याची ऐपत सध्या नाही. त्यातच ग्राफिक्स कार्ड घालून भागेल का? — एक वाचक, म्हापसा

उत्तर : काही काळ भागेल. अशा यंत्रांचा एसएमपीएस कमी वॅटचा आणि त्या कंपनीच्याच मापाचा असतो, म्हणून वेगळी वीजजोडणी न लागणारे कार्डच त्यात चालते. आरटीएक्स ३०५० ची ६ जीबीची आवृत्ती ७० वॅटवर चालते आणि निम्म्या उंचीतही मिळते, ती एच.२६५ चे नेहमीचे ४:२:० (४:२:२ पेक्षा कमी रंगमाहितीचे) चित्रण उलगडते आणि एन्कोडही करते. आधी कॅबिनेट उघडून स्लॉटभोवतीची जागा मोजा आणि कार्डाची जाडी त्यात बसते का ते पाहा. प्रोसेसर जुना असल्याने नव्या गेममध्ये कार्डाची पूर्ण ताकद वापरली जाणार नाही. पुढे नवा संगणक जोडाल तेव्हा हेच कार्ड त्यात बसवता येईल, आणि तोवर साठवलेले पैसे प्रोसेसर, बोर्ड आणि रॅमसाठी मोकळे राहतील.