जुन्या काळची वळणं, आजचे केस : तुमचे प्रश्न, ताईंची उत्तरं

या वेळी आलेल्या प्रश्नांत जुन्या काळच्या हेअरस्टाईल्सच जास्त आहेत, 1920 च्या लाटा, 1940 चे रोल्स, त्याच्याही आधीचे फुगवलेले अंबाडे. मला मनापासून आनंद झाला, कारण हे काम हाताने शिकायचं आहे आणि एकदा हातात बसलं की जात नाही.

ताई, मला 1940 च्या काळातल्या व्हिक्टरी रोल्स, म्हणजे पुढचे केस गुंडाळून डोक्यावर उभे केलेले पोकळ रोल, फार म्हणजे फार आवडतात. व्हिडिओ बघून बघून आता दोन्ही बाजूंना छान उभे रोल येतात, पण आरशात बघितलं की फॅन्सी ड्रेसला निघाल्यासारखं वाटतं आणि मग मी सगळं सोडून पोनी बांधते. हे रोजच्या कपड्यांवर चालेल असं कसं करू?

अगं, रोल उभे राहतायत म्हणजे अवघड काम तू करून झालीयेस! आता फक्त काय ठेवायचं आणि काय सोडायचं ते ठरवायचंय. जुन्या काळच्या कुठल्याही हेअरस्टाईलमध्ये मला चार गोष्टी दिसतात, डोक्याचा एकूण आकार, केस कुठल्या दिशेला वळवलेत ती दिशा, वरचं फिनिश म्हणजे चकचकीत की मोकळं, आणि शेवटी वर घातलेलं सामान, फुलं, रुमाल, जाळी वगैरे. चारही जशाच्या तशा घेतल्या की तो पोशाख होतो. मी आकार आणि दिशा जुनी ठेवते, फिनिश आजचं करते आणि सामान जवळजवळ सगळं काढून टाकते. बहुतेक जणी नेमकं उलट करतात, केस नेहमीसारखेच आणि वर मोठं फूल, मग तो काळ दिसतच नाही.

तुझ्या बाबतीत दोनऐवजी एकच रोल कर. भांग एका बाजूला घे, जिकडे केस जास्त पडतात तिकडची पुढची बट घे आणि रोल उभा न करता डोक्याला लागून मागच्या बाजूला झुकव. मुळाशी थोडंसं बॅककोंबिंग, म्हणजे टोकाकडून मुळाकडे उलटा कंगवा, तेही फक्त आतल्या बाजूने, वरचा थर ब्रशने गुळगुळीत, मग टोकापासून दोन बोटांवर गुंडाळत मुळापर्यंत यायचं आणि रोलच्या आतून दोन पिना एकमेकींवर फुली येईल अशा लावायच्या. बॉब पिनची नागमोडी बाजू टाळूकडे ठेव, धरून राहते, सरळ बाजू खाली गेली की सटकते. आणि नुकतेच धुतलेले केस घेऊ नकोस, ते इतके सुळसुळीत असतात की कितीही पिना लावल्या तरी रोल उघडतो, आदल्या दिवशी धुतलेले असतील तर उत्तम. मागचे केस जसे आहेत तसे सोडून दे.

आणखी एक सांगते कारण त्यातूनच ही स्टाईल कळते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत बायका कारखान्यात मशीनवर काम करत होत्या आणि मोकळे केस मशीनमध्ये अडकायची भीती होती. व्हेरोनिका लेक नावाची नटी एका डोळ्यावर केस सोडायची, तिची स्टाईल इतकी लोकप्रिय होती की 1943 मध्ये सरकारच्या सांगण्यावरून तिने केस मागे घेऊन दाखवले, म्हणजे बाकीच्या बायकाही तसं करतील. तेव्हा त्या काळच्या या स्टाईल्सचा गाभा असा की पुढचे केस तोंडावरून नीट उचललेले. तू तेवढं पाळलंस तर रोल लहान असो मोठा असो, काळ दिसणारच.

मी ब्युटी पार्लरचा कोर्स करतेय. पिन कर्ल्स, म्हणजे ओलसर बट गोल गुंडाळून डोक्याला पिनने लावायची पद्धत, घालायला शिकवलेत, घालताना मस्त दिसतात पण सोडल्यावर तासाभरात केस सरळ. आणि ब्रश केला की झिपऱ्या होतात. मॅडम म्हणतात स्प्रे जास्त मार. स्प्रेनेच होईल का?

स्प्रेने नाही होणार. तुझे केस आतून ओले राहतायत, नव्वद टक्के वेळा हेच कारण असतं.

केसात केराटिन नावाचं प्रथिन असतं आणि त्याच्या आत हायड्रोजन बंध असतात, केस ओले झाले की हे बंध सुटतात आणि सुकताना केस ज्या आकारात असेल त्या आकारात परत जुळतात. सगळं वेट सेटिंग, म्हणजे ओल्या केसांना आकार देऊन तसेच सुकवणं, यावर उभं आहे, 1930 च्या पार्लरमधलंही आणि तुझंही. म्हणजे केस कर्लमध्ये असताना पूर्ण, अगदी मधल्या गाभ्यापर्यंत सुकला पाहिजे. हाताला वरून कोरडा लागतो पण आत ओल असते, तू क्लिप काढतेस आणि उरलेला केस सरळ लटकत सुकतो, मग तो सरळच होणार ना. दमट हवेत सेट उतरतो तोही याच कारणाने. ड्रायर लावलास तर सुकल्यावर पूर्ण गार होऊ दे, गरम असताना क्लिप काढायची घाई नको. एक कर्ल आधी सोडून बघ, जरा जरी गारठा लागला बोटांना तर परत पिन कर.

आता कर्ल कसा घालतेस ते बघ. साधारण अडीच सेंटीमीटरची चौकोनी बट, निथळते ओले नाही, दमट केस, थोडं सेटिंग लोशन, मुळापासून टोकापर्यंत कंगवा. गुंडाळायला टोकाकडून सुरुवात, टोक वर्तुळाच्या आत गेलं पाहिजे, बाहेर राहिलं की ते माशाच्या गळासारखं वाकडं होतं आणि नंतर काही केल्या बसत नाही. कर्ल थेट मुळावर बसवलास तर घट्ट आणि टिकाऊ, मुळापासून थोडी मोकळी दांडी सोडून बसवलास तर हालचाल जास्त आणि वळण सैल. आणि दिशा! एका ओळीतले सगळे कर्ल एकाच दिशेला, घड्याळाच्या काट्याप्रमाणे म्हणजे सगळे तसेच, पुढची ओळ हवी तर उलटी. मनाला येईल तसे घातलेस तर सोडल्यावर लाट तयारच होत नाही, नुसता फुगा होतो.

राहिला ब्रश. झिपऱ्या झाल्या म्हणतेस, तिथे तू थांबतेस म्हणून. पिन कर्ल सोडल्यावर आधी आखूड स्प्रिंगा दिसतात, मग ब्रश फिरवला की सगळं पिंजारून डोकं दुप्पट होतं आणि नेमकी इथेच मुली घाबरून पाणी मारतात आणि सगळी मेहनत वाया घालवतात. थांबायचं नाही. मऊ ब्रिसल्सचा ब्रश घे, तळहात केसांखाली धर, ब्रश आणि मागोमाग हात असं चालू ठेव, थोड्या वेळाने केस आपणहून एकमेकांत जाऊन बसायला लागतात, एक लाट दिसते, मग तिच्या खाली दुसरी. लाट दिसली की तिच्या खळग्यात बोट दाबून उंचवटा वर उचल. मटारच्या दाण्याएवढं पोमेड, म्हणजे केस बसवायचं मलम, तळहातावर चोळून फक्त वरून फिरव. आजचं रूप हवं असेल तर इथे लाटा जरा मोडायच्या, बोटं घालून हलवायच्या, टोकं सरळ ठेवली तरी छान दिसतं. पण मोडायला आधी लाट असावी लागते, म्हणून मी म्हणते सेट नीट शिक.

माझे केस दाट कुरळे आहेत. 1920 च्या फिंगर वेव्हज कुरळ्या केसांवर होतात का, की आधी स्ट्रेटनिंग करावं लागेल?

स्ट्रेटनिंग अजिबात करू नका, वळण धरायची सवय तुमच्या केसांना जन्मजात आहे! फिंगर वेव्ह ओल्या केसांवर, भरपूर जेल लावून, फक्त कंगवा आणि बोटांनी घालतात. केस एका दिशेला विंचरा, तर्जनी आडवी ठेवा, तिच्या खाली लगेच कंगवा घालून केस बोटाच्या टोकाकडे साधारण अडीच सेंटीमीटर सरकवा, एक उंचवटा उठतो, तो तर्जनी आणि मधल्या बोटात धरून ठेवा आणि खालचे केस उलट्या दिशेला विंचरा. मग पुढचा उंचवटा उलट बाजूने. बोटांनी चिमटा काढून उंचवटा वर ढकलायचा मोह होतो, तसं केलं तर तो सुकताना फुटतो, सरकवण्यातूनच उठू द्या.

कुरळ्या केसांना एवढंच जास्त लागतं की कंडिशनर लावून गुंता पूर्ण सोडवा, सेक्शन लहान घ्या आणि सुकेपर्यंत जाळी बांधा. जेल घरी करायचं असेल तर पाव कप जवस दोन कप पाण्यात ढवळत उकळा, अंड्याच्या पांढऱ्यासारखं तार धरायला लागलं की लगेच, गरम असतानाच गाळा, गार झालं की गाळलंच जात नाही. फ्रीजमध्ये आठवडाभर ठीक राहतं. सगळ्या डोक्यावर लाटा नको असतील तर फक्त भांगापासून कानापर्यंत दोन-तीन लाटा घाला आणि मागे तुमचे कुरळे मोकळे ठेवा, मला स्वतःला हे पूर्ण डोक्यापेक्षा जास्त आवडतं. 1920 च्या दशकात पॅरिस गाजवणारी नर्तिका जोसेफिन बेकर, तिचे फोटो बघा, चापून बसवलेले आखूड केस आणि कपाळावर एकच वळलेली बट, शंभर वर्षांनीसुद्धा जुनं वाटत नाही.

माझे केस पातळ आहेत, वय पंचावन्न. 1900 च्या सुमाराचे ते मोठे फुगवलेले अंबाडे माझ्या नशिबात नाहीतच ना?

आहेत ना! त्या बायकांचेही केस एवढे नव्हते हो. ब्रशमध्ये आलेले गळालेले केस त्या एका झाकणाला भोक असलेल्या डबीत साठवायच्या, त्याचाच जाळीत भरून लांबट गोळा करायच्या आणि कपाळाच्या वर आत ठेवून त्याच्यावरून स्वतःचे केस मागे घ्यायच्या. स्वतःचाच केस, रंग तंतोतंत जुळणारा. आपल्याकडे गंगावन असतंच की, कल्पना तीच. तुम्ही लहान गोळा करा किंवा तयार स्टफिंग घ्या, कपाळाच्या रेषेपासून जरा मागे बसवा, दोन्ही टोकांना पिन करा आणि पुढचे केस सैल वरून घ्या. बॅककोंबिंग करू नका, पातळ केस तुटतात. आजच्यासाठी उंची निम्मी ठेवा आणि कानापाशी एखादी बट सुटू दे, बास.

हे सगळं शिकायला बघायचं काय? जुने फोटो बघते पण केस नेमके कसे बांधलेत ते कळतच नाही.

1930 चे स्टुडिओतले फोटो बघून शिकू नका, लाईट लावून, वर निगेटिव्हवर हात फिरवून काढलेले असतात, एकही सुटा केस दिसत नाही. साधे ग्रुप फोटो, रस्त्यावरचे फोटो, जुन्या बातमीपटातली माणसं बघा, तिथे मागची बाजू दिसते, पिना दिसतात. आणि कुठलं तंत्र आहे ते ओळखायला शिका. तीच लाट पॅरिसच्या मार्सेल ग्रातोने 1870 च्या दशकात काढलेल्या गरम चिमट्याच्या पद्धतीने येते, बोटांनी येते आणि पिन कर्ल्सनीही येते, पण पहिलीला कोरडे केस लागतात आणि बाकी दोन्हींना ओले.

जॅनेट स्टीफन्सचं काम तर सगळ्यांनी बघावं. बाल्टिमोरमधली हेअरड्रेसर, म्युझियममध्ये रोमन स्त्रीच्या पुतळ्याची मागची बाजू बघून तिला प्रश्न पडला की एवढ्या वेण्या पिनांवर राहतील कशा. अभ्यासक म्हणत होते की विग असणार. तिने करून बघितलं, जुने लॅटिन उल्लेख तपासले आणि दाखवून दिलं की केस सुई-दोऱ्याने शिवून बसवता येतात, 2008 मध्ये तिचा लेख रोमन पुरातत्त्वाच्या जर्नलमध्ये छापून आला. हाताला जे कळतं ते किती लांब जातं बघा. आणि ती सुई-दोऱ्याची पद्धत आजही वापरता येते, जाड वेणी डोक्यावर मुकुटासारखी फिरवायची असेल तर बोथट सुई आणि केसांच्या रंगाचा लोकरी दोरा घेऊन दोन-चार सैल टाके घाला, पिनांपेक्षा हलकं वाटतं आणि दिवसभर हलत नाही. काढताना दोरा कापा, केस नव्हे, म्हणून दोरा किंचित वेगळ्या छटेचा घेतला तरी चालेल.

सरावासाठी डमी घेणार असाल तर खऱ्या केसांचा घ्या. सिंथेटिक केसांवर पाण्याने सेट धरत नाही आणि तुम्हाला उगाच वाटत राहतं की आपल्यालाच जमत नाहीये.

मुलाला 1920 च्या स्टाईलचे चापून मागे घेतलेले केस हवेत, पण ते तेलकट दिसतात. काही उपाय?

बाजूने आखूड आणि वर लांब असा कट असेल तर अर्धं काम झालं. तेव्हा ब्रिलियंटाईन लावायचे, ते तेलकटच असायचं. त्याला पाण्यात विरघळणारं पोमेड द्या, दमट केसांत थोडंसंच लावायचं, बाजूला भांग पाडून बारीक कंगव्याने मागे घ्यायचे आणि मग वरून एकदाच मोठ्या दातांचा कंगवा फिरवायचा, रेघा मोडतात आणि तेलकटपणा दिसत नाही. रात्री धुऊन झोपायला सांगा, नाहीतर कपाळावर पुरळ येतं.