गेम मास्टर म्हणून आलेला थकवा कॅम्पेन बंद न करता कसा घालवावा?

तुम्ही लिहिले आहे की, मित्रांसाठी दीर्घ काळ डंजन्स अँड ड्रॅगन्स (खेळाडू एकेक पात्र होतात आणि गेम मास्टर त्यांच्यासाठी कथा चालवतो, असा टेबलाभोवतीचा खेळ) चालवल्यावर आता सेशनच्या, म्हणजे खेळाच्या एका बैठकीच्या, आदल्या रात्री कोणीतरी ‘उद्या जमत नाही’ असे कळवावे अशी इच्छा होते, पण कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठकांत चालणारी ती कथा, मोडायचे नाही. माझे मत आधीच सांगते: हा थकवा तयारी कमी केल्याने जात नाही आणि नुसत्या सुट्टीनेही जात नाही. परतल्यावर कामाची वाटणी तीच राहणार असेल, तर सुट्टीमुळे तो फक्त पुढे ढकलला जातो.

पुण्यात माझ्या घरी आमचा गट रविवारी जमतो आणि मी त्यांच्यासाठी ‘कर्स ऑफ स्ट्राड’ हे या खेळाचे तयार साहस चालवत होते. ज्यांनी ते चालवले आहे त्यांना ठाऊक असेल की, सुरुवातीच्या भागात टारोकाचे, म्हणजे भविष्य सांगण्याच्या पत्त्यांतले, पाच पत्ते मांडले जातात आणि तीन मौल्यवान वस्तू कोठे दडल्या आहेत, साथीला कोण येणार आणि खलनायक स्ट्राडशी अखेरची गाठ कोठे पडणार, हे त्यांवरून ठरते. पुढे सारे कॅम्पेन ते गुपित गेम मास्टरने एकट्याने सांभाळायचे असते. त्यात मला आनंदच होता. मला थकवले ते बाकीच्या कामांनी: सर्वांची वेळ जुळवणे, व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तर न देणाऱ्यांना फोन करणे, नकाशे छापून आणणे, मागच्या वेळी काय घडले याची टिपणे ठेवणे आणि दुसऱ्यांच्या पात्रांचे स्पेल (मंत्र) कसे चालतात हे त्यांच्याऐवजी मीच वाचून ठेवणे. कीर्तनकाराच्या मागे टाळकरी आणि मृदंगवादक उभे असतात, आणि मांडव घालायला कोणी त्याला सांगत नाही. आमच्या टेबलावर मात्र हे सारे एकाच व्यक्तीचे काम आहे असे सर्वांनी गृहीत धरले होते.

एका रविवारी मी सांगितले की, पुढचे काही महिने दुसऱ्या कोणीतरी काहीही चालवावे, मला खेळाडू म्हणून बसायचे आहे. त्यावर कॉलेजपासूनचा एक मित्र म्हणाला, “अगं, हा तुझा छंद आहे. छंदाने कोणी असे थकते का? जागतिक आरोग्य संघटनेनेही बर्नआउट, म्हणजे ताणाने येणारा असा थकवा, हा नोकरीपुरताच मानला आहे. आणि कथा तुझी आहे. दुसऱ्याने चालवली तर गुपिते फुटतील आणि सगळे बिघडेल.” बाकीचे गप्प राहिले, आणि त्या शांततेचा अर्थ मला नीट कळला.

त्याच्या पहिल्या मुद्द्यातील माहिती खरी होती. संघटनेने 2019 मध्ये केलेली व्याख्या कामाच्या ठिकाणापुरतीच आहे. पण हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने 1974 मध्ये या अवस्थेवर लेख लिहिला, तेव्हा त्याच्यासमोर न्यूयॉर्कमधील मोफत दवाखान्यात राबणारी माणसे होती, आणि त्यांतील अनेक जण स्वयंसेवक होते. दिवसाचे काम आटोपून, पगाराविना, स्वतःच्या ओढीने ती तेथे येत. जो मनापासून देतो तोच आधी रिकामा होतो, हे त्याने जवळून पाहिले होते. म्हणून ‘तू हे आवडीने करतेस’ हे वाक्य मी थकवा नाकारणारे कारण म्हणून स्वीकारत नाही. माझ्या मते आवड हेच त्या थकव्याचे मूळ असू शकते.

दुसरा मुद्दा तर या खेळाच्या इतिहासालाच धरून नाही. हा खेळ घडवणाऱ्या दोघांपैकी डेव्ह आर्नेसन ब्लॅकमूर हे आपले कॅम्पेन चालवू लागला, त्याआधी तो डेव्हिड वेस्लीच्या ब्राउनस्टाइन या खेळात खेळाडू होता. दुसरा, गॅरी गायगॅक्स, याच्या ग्रेहॉक या कॅम्पेनमध्ये रॉब कुंट्झ सह-डंजन मास्टर (या खेळातला गेम मास्टर) झाला, आणि त्यामुळे गायगॅक्सला स्वतःची पात्रे घेऊन खेळता आले. 1987 मध्ये आलेल्या ‘आर्स मॅजिका’ या अशाच दुसऱ्या खेळाने तर कथा चालवण्याची जबाबदारी आळीपाळीने घेण्याची पद्धत खेळातच रुजवली. ज्यांनी हा खेळ घडवला त्यांच्या टेबलावर जे चालत होते, ते आमच्या टेबलावर चालणार नाही असे म्हणायला माझ्या मित्राजवळ आधार नव्हता.

शेवटी आमच्यातील सर्वांत कमी बोलणाऱ्या मैत्रिणीने 2014 च्या स्टार्टर सेटमधील (नवशिक्यांसाठीच्या संचातील) ‘लॉस्ट माइन ऑफ फँडेल्व्हर’ हे साहस चालवायला घेतले. तिने पुस्तक उघडे ठेवले, वर्णने सरळ वाचून दाखवली आणि नियम अडला की टेबलालाच विचारला. त्यातल्या फँडालिन गावाच्या वाटेवर मरून पडलेले घोडे आणि दबा धरून बसलेले गॉब्लिन नावाचे छोटे राक्षस समोर आले, तेव्हा माझ्या पात्राचा, म्हणजे ड्वॉर्फ क्लेरिकचा (बुटक्या जमातीतल्या पुजाऱ्याचा), कागद हातात धरून मी फक्त एवढाच विचार करत होते की, माझी पाळी आली की काय करायचे. इतक्या काळात मला तेवढेच हवे होते.

तिचे साहस संपल्यावर मी बॅरोव्हियाकडे, म्हणजे स्ट्राडच्या कथेकडे, परतले, पण अट घालून: इनिशिएटिव्ह (लढाईतला पाळीचा क्रम) आणि नियम त्या मित्राने पाहायचे, टिपणे आणि तारीख ठरवणे आणखी दोघांनी वाटून घ्यायचे, आणि स्वतःच्या स्पेलची माहिती ज्याची त्याने ठेवायची. गुपिते माझ्याकडेच राहिली आणि एकही फुटले नाही. तो मित्र आजही म्हणतो की, मधले महिने वाया गेले. मी त्याच्याशी सहमत नाही, आणि तुमच्या गटात असे म्हणणारा कोणी असेल तर त्याचे ऐकू नका असेच सांगेन.

तुमचे कॅम्पेन नेमके कधी थांबवावे, हे मी येथून सांगू शकत नाही; एखादे शहर सुटते किंवा एखादा शत्रू पडतो, अशी जागा जवळ असेल तर तेथे थांबा. हेही लक्षात घ्या की, झोप, नोकरी किंवा प्रकृती बिघडल्यामुळे सगळ्याच गोष्टी नकोशा झाल्या असतील, तर टेबलावरची वाटणी त्यावर उपाय नाही आणि डॉक्टरांना भेटायला हवे. एकाच खेळाडूच्या वागण्याचा त्रास होत असेल तर तोही वेगळा विषय आहे. त्याच्याशी एकट्याने बोला. पण यांपैकी काही नसेल, तर गटाला हे सेशन सुरू होण्याआधी, सर्व जण बसलेले असताना सांगा, आणि कोणते काम कोण घेणार हे त्याच बैठकीत नावानिशी ठरवून घ्या.