दोन खाती पाडू नकोस

चि. बाबूस,

परवा ओट्यावर बसून तू विचारलंस, "मास्तर, बाहेर लोक लाठ्या खात होते अन् विनोबा तुरुंगात गीता सांगत बसले. हा कसला लढा?" तेवढ्यात तुझ्या बाबांनी वावरातून हाक मारली आणि तू गेलास. माझ्या डोक्यातून मात्र तो प्रश्न जाईना.

अरे, धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली २१ फेब्रुवारी ते १९ जून असे अठरा रविवार, अठरा अध्याय झाले. उतरवून घ्यायला साने गुरुजी. समोर बसलेले सत्याग्रही कायदा मोडून आत आलेले, सुटल्यावर पुन्हा मोडणारे. फळाकडे न बघता झुंजायचं कसं, हे त्यांना नाही तर कुणाला सांगायचं? तू लढा एका खात्यात टाकतोस, गीता दुसऱ्या. दोन खाती पाडू नकोस.

संस्कृत न कळणाऱ्या आईची इच्छा म्हणून ज्यानं गीताई लिहिली, त्याच माणसानं वर्ध्याजवळच्या नालवाडीत सूत कातून त्या मजुरीवर जगून पाहिलं. १९४० मध्ये गांधीजींनी वैयक्तिक सत्याग्रहासाठी पहिलं नाव त्याचंच घेतलं, नेहरूंचं त्यानंतर. १७ ऑक्टोबरला आपल्या पवनारातूनच सुरुवात झाली. विनोबा कोण, हे गांधीजींना लेख लिहून देशाला सांगावं लागलं. पुढे १९४४ साली सिवनीच्या तुरुंगात पुन्हा तेच, गीतेतल्या स्थितप्रज्ञाच्या लक्षणांवर व्याख्यानं. कुठे आहेत रे दोन खाती?

मी पाडली होती. वडिलांनी विनोबांच्या भूदानात दोन एकर लिहून दिलं होतं, विहिरीला लागून काळं रान. ताबा द्यायचा राहिला. ते गेल्यावर मीही दिला नाही. पहाटे गीताप्रवचनं वाचायचो आणि दिवस वर आला की सालदाराला त्याच दोन एकरात डवरे हाकायला पाठवायचो. सव्वीस वर्षं! बहिणीचं लग्न होतं, दोन वर्षं पाऊस नव्हता, सातबारा वडिलांच्याच नावावर होता. माझ्या जागी कुणीही थांबला असता, हे मी आजही म्हणतो. पण पुस्तक उघडलं की तो बांध डोळ्यांपुढे यायचा. शेवटी सालदाराच्या पोराच्या नावे करून दिलं. भाऊबंद अजून बोलत नाहीत. न बोलोत. मी चुकलो ते देण्यात नाही, उशीर करण्यात.

आणि तू म्हणतोस, आधी परीक्षा, मग बाबांचं वावर, मग सवडीनं विनोबा. सवड कोण देणार आहे तुला? पऱ्हाटी फुटलीय, बाबांची कंबर धरलीय, अन् तू खोलीत कडी लावून कर्मयोगाच्या नोट्स काढतोस! राग येतो मला. मायाही येते, कारण अशीच कडी मीही लावली होती.

सोमवारी तुमच्या वावरात वेचणीला मी येतोय. ओटी बांधून तूही ये. पुस्तक पिशवीत असू दे. भाकर खाल्ल्यावर बाभळीखाली तिसरा अध्याय काढू. बाबांनाही बसव, त्यांना ऐकायचंय. तू कधी विचारलं नाहीस.

तुझा
मास्तर