कडब्याखालची स्टेशन वॅगन

प्रश्न : नमस्कार काका. औसा तालुक्यात आमचा जुना वाडा आहे. ढेळजेला लागून असलेल्या पडवीत आबांची गाडी तीसेक वर्षांपासून उभी आहे. तिच्यावर कडबा रचलेला होता, या उन्हाळ्यात तो उचलला तेव्हा मी ती पहिल्यांदा पूर्ण पाहिली. सगळे तिला जीपच म्हणतात, पण ती लांब आहे, वरून बंद आहे आणि दारं दोनच आहेत. समोरची काच मधोमध दोन भागांत आहे. मागचं दार वर-खाली असं दोन फळ्यांत उघडतं. बाजूच्या पत्र्याला फळ्यांसारख्या उठावाच्या रेघा आहेत. पुढे उभ्या फटींची सपाट जाळी आहे आणि खाली वाकून पाहिलं तर पुढच्या चाकांमध्ये एकच आडवा पाटा (स्प्रिंग) दिसतो. भंगारवाला दोनदा येऊन गेला. चुलते म्हणतात डिझेल इंजिन टाकू म्हणजे शेताला कामी येईल, आणि ट्रॅक्टरची बॅटरी लावून चालू होते का ते बघायचा त्यांचा विचार आहे. आबांच्या पेटीत उर्दू शिक्क्याचं रजिस्ट्रेशनचं पुस्तकही सापडलं. काय करावं?

उत्तर : ताई, सगळ्यात आधी चुलत्यांना सांगा, ट्रॅक्टरची बॅटरी लावू नका. ती बारा व्होल्टची असते आणि तुमची गाडी मुळात सहा व्होल्टची. बल्ब तर जातीलच, कॉइलही जाईल. हे आज सांगा, बाकीचं पत्र निवांत वाचा.

तुमच्या पडवीत आहे ती विलिस जीप स्टेशन वॅगन. सपाट उभी जाळी आणि पुढचा आडवा पाटा या दोन खुणांवरून ती १९४६ ते १९५० या काळातली, दोनच चाकांना ताकद देणारी. १९५० पासून तिचं नाक मधून टोकदार झालं आणि जाळीवर आडव्या पट्ट्या आल्या. चारही चाकांना ताकद असलेली वॅगन १९४९ मध्ये निघाली, तिच्या पुढच्या बाजूला अख्खा ॲक्सल असतो. तुमच्या गाडीला तो नाही, आडव्या पाट्यावर दोन्ही चाकं वेगवेगळी हलतात. खड्ड्यात ही गाडी उघड्या जीपसारखी आपटत नाही, ते याच पाट्यामुळे.

पत्र्यावरच्या त्या रेघांबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण या गाडीचं खरं मोल तिथे आहे. स्टेशन वॅगन म्हणजे मुळात रेल्वे स्टेशनवरून पाहुणे आणि त्यांचं सामान आणायची गाडी. अमेरिकेत त्या काळी तिचा मागचा सांगाडा लाकडाचा असायचा. सुतारकाम, दरवर्षी वॉर्निश, पावसात फुगणारे सांधे, असा सगळा खटाटोप. महायुद्ध संपलं तेव्हा ओहायो राज्यातल्या टोलेडो गावच्या विलिस-ओव्हरलँड कंपनीकडे जीप होती, पण बॉडी घडवणारे मोठे कारखाने दुसऱ्यांच्या कामात गुंतलेले. ब्रूक्स स्टीव्हन्स या डिझायनरने मग असा आकार काढला, की घरगुती वस्तूंचा पत्रा दाबणाऱ्या साध्या प्रेसवरही त्याचे भाग निघावेत. खोल वळण कुठेच नाही. म्हणून मडगार्ड वरून सपाट आणि बाजू सरळ. फळ्यांसारखे उठाव पत्र्यातच दाबले आणि त्यांना लाकडाचे रंग दिले. अशी ही पूर्ण पोलादी, मोठ्या संख्येने बनलेली पहिली स्टेशन वॅगन १९४६ मध्ये बाजारात आली. पुढे ब्राझीलमध्ये ती ‘रुराल’ नावाने १९७७ पर्यंत बनत राहिली.

एवढं असून तिला कोणी विचारत नाही. उघडी जीप सगळ्यांना हवी असते, तिच्यावर हौसेने हजारो रुपये घालतात. तिच्याच घरातली ही लांब बहीण कोंबड्या कोंडायला वापरलेली मी पाहिली आहे.

एका दाराच्या आतल्या कडेला, जिथे ऊन लागलेलं नाही, तिथे ओल्या फडक्याने हलकेच पुसून बघा. मूळ रंग तिथेच सापडेल. रॉकेल किंवा पॉलिश पेपर लावू नका. बॉडीत गंज कमी असेल असं वाटतं, आपल्याकडची कोरडी हवा पत्र्याला मानवते. पण चाकं जमिनीत रुतली असतील तर खालच्या पट्ट्या काळ्या मातीने ओल धरून खाल्ल्या असतील. तिथे पेचकसाच्या टोकाने टोचून पाहा.

आता इंजिन. बदलू नका, ही माझी हात जोडून विनंती आहे. १९८४ मध्ये लातूरला एका जिनिंगवाल्या शेठजींची अशीच वॅगन माझ्या गॅरेजला आली. पेट्रोल परवडत नाही, डिझेल बसवा म्हणाले. मी क्रॉस मेंबर, म्हणजे चासीची आडवी पट्टी, कापला, डिझेल बसवलं, मूळ इंजिन वजनावर गेलं. डिझेलच्या हादऱ्याने वर्षभरात बिजागऱ्यांजवळ पत्रा तडकला. वेल्डिंग केलं, पुन्हा तडकला. चार वर्षांत गाडी भंगारात गेली. इंजिनाचा नंबर माझ्या वहीत लिहिलेला आहे, बाकी काहीच उरलं नाही. ते काम मी करायला नको होतं.

तुमचं इंजिन बहुधा चार सिलिंडरचं, ‘गो-डेव्हिल’, २.२ लिटर, ६३ हॉर्सपॉवर. लष्करी जीपमध्ये हेच होतं. हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, सपाट असेल आणि प्लग वरून उभे बसलेले असतील, तर ते मूळ इंजिन समजा. हेडवर टॅपेट कव्हर (व्हॉल्व्हवरचं पत्र्याचं झाकण) असेल तर मागाहून कोणीतरी ‘हरिकेन’ हे विलिसचंच नंतरचं इंजिन टाकलं. नंबर पाण्याच्या पंपाच्या मागे ब्लॉकवर ठोकलेला असतो. आपल्याकडच्या जुन्या पेट्रोल जीपला वर्षानुवर्षं हरिकेनच होतं आणि त्याचा खालचा भाग बराचसा गो-डेव्हिलसारखाच, त्यामुळे रिंगा, बेअरिंग अजून शोधून मिळतात. पुढच्या आडव्या पाट्याचे बुश मात्र जीपमधून मिळणार नाहीत, ते लेथवर करून घ्यावे लागतील.

सेल्फ मारून पाहायचा मोह आवरा. चारही प्लग काढा, प्रत्येक भोकात दोन चमचे डिझेल आणि इंजिन ऑइल सोडा, आठ दिवस राहू द्या. रोज थोडं घाला. मग पुढून हँडल घालून हाताने हळू फिरवा. हलत नसेल तर जोर करू नका, आणखी आठ दिवस थांबा. फिरायला लागलं की जुनं ऑइल काढा, टाकी उतरवून धुवा, एअर क्लीनर उघडा. त्यात ऑइल असतं आणि उंदीर तिथे हमखास घर करतात. डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटची फट वीस थाऊ (इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक थाऊ), प्लगची तीस. सिलिंडर पेटण्याचा क्रम १-३-४-२.

कागदांचं सांगतो. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, तेव्हा उर्दू शिक्का असणं स्वाभाविक आहे. ते पुस्तक लॅमिनेट करू नका, मूळ कागद तसाच लागतो. जुलै २०२१ मध्ये केंद्राने पन्नास वर्षांहून जुन्या खासगी दुचाकी-चारचाकींसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम आणले. नवीन नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. अट अशी, की चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा. म्हणजे चुलत्यांनी डिझेल टाकलं की हा रस्ता बंद. अशा नोंदणीची गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. शेताच्या कामाला दुसरी घ्या, ही आबांची राहू द्या.

प्रश्न : परभणीहून लिहितो. माझ्याकडे बंद जीप आहे, मागे लांब बॉडी आहे. तीही स्टेशन वॅगनच का?

उत्तर : बहुतेक नाही. आपल्याकडे उघड्या जीपवर गावोगावच्या बॉडीवाल्यांनी मागे पत्रा वाढवून दिला आहे. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत टेप लावा. ८० इंच भरलं तर मूळची उघडी जीप. १०४ भरलं तर मला लगेच कळवा, मी बघायला येतो.