कपि, कॅपुचिन आणि कपिंजल

प्रश्न असा: दक्षिण अमेरिकेत एका पक्ष्याला आणि एका माकडालाही ‘कॅपुचिन’ म्हणतात, हा शब्द आपल्या ‘कपि’वरून गेला का?

नाही. क आणि प शेजारी दिसले की लगेच संस्कृत मूळ चिकटवायची खोड सोडा. इटालियनमध्ये ‘कापुच्चो’ म्हणजे कुंची. टोकदार कुंचीचा झगा घालणाऱ्या फ्रान्सिस्कन साधूंच्या शाखेला पोपने १५२८ मध्ये मान्यता दिली, ते कॅपुचिन. गोऱ्या तोंडाच्या माकडाचं डोकं काळं, म्हणून प्राण्यांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७५८ मध्ये त्याला या साधूंचं नाव दिलं. कॉफीच्या रंगावरून नव्हे. कापुचिनोचं नावही त्याच झग्यावरून पडलं.

पक्ष्याची गंमत निराळी. त्याचं डोकं आणि तोंड निळसर करडं, उघडंबोडकं. त्याखाली तपकिरी पिसांची गळपट्टी. म्हणजे माकडाने कुंची डोक्यावर घेतली, याने मानेवर टाकली. याला ‘गाणारा पक्षी’ मात्र म्हणू नका. हा कोटिंगा कुळातला, शास्त्रातल्या गायक पक्ष्यांच्या उपगणात बसत नाही, आणि गातो कसला, हंबरतो! इंग्रजीत त्याला वासराचंही नाव आहे.

कपीवरून नाव पडलेला पक्षी हवाच असेल तर तो घरचा आहे: कपिंजल, म्हणजे तित्तिर. यास्काने निरुक्तात, म्हणजे वैदिक शब्दांची फोड करणाऱ्या ग्रंथात, त्याच्या एकाहून अधिक व्युत्पत्त्या दिल्यात. पहिली ‘कपिरिव जीर्णः’, जीर्ण माकडाच्या रंगाचा. मग कपीसारखा चपळ, किंचित पिंगट, गोड आवाज काढणारा. मला पहिलीच पटते. तित्तिराच्या पाठीवरचा मातकट, बारीक रेघांचा रंग पाहा. इथला कपि म्हणजे माकडच, राखी वानर नव्हे. कपिश, कपिल हे रंगही तपकिरीकडे झुकणारे.

काही कोशकार कपिंजलचा अर्थ ‘चातक’ही देतात. त्यांनी चातक पाहिला होता का, असा प्रश्न पडतो. तो वरून काळा, खालून पांढरा. माकडाचा रंग त्यात आणायचा कुठून? उलट त्याच्या शास्त्रीय नावात दुसरेच साधू बसलेत. ‘जॅकोबिनस’ म्हणजे पॅरिसचे डॉमिनिकन, पांढऱ्या झग्यावर काळा अंगरखा घालणारे.