गाळ बसलेली कॅसेट आणि 'विश यू वेअर हिअर'

प्रश्न : मी १९८७-८८च्या सुमारास विश्रामबागेत इंजिनिअरिंगला होतो. रूम पार्टनरनं मला एक नव्वद मिनिटांची कॅसेट भरून दिली होती. एका बाजूला पिंक फ्लॉइड या इंग्लिश रॉक बँडचा अल्बम 'विश यू वेअर हिअर', दुसऱ्या बाजूला 'डार्क साइड ऑफ द मून'. तीन वर्षं आम्ही दुसरं फारसं काही ऐकलं नाही. तो मित्र आता हयात नाही. २०१९च्या पुरात आमच्या गावभागातल्या घराच्या तळमजल्यावर पाणी आलं, त्यात कॅसेटची पेटीही बुडाली. टाकवली नाही म्हणून ती तशीच माळ्यावर ठेवली. परवा मुलीनं फोनवर तोच अल्बम लावून दिला. दोन गाणी ऐकली आणि खरं सांगतो, काहीच झालं नाही. रात्री वाईट वाटलं. आमचं ते वेड नुसतं वयाचं होतं का? आणि ती कॅसेट पुन्हा वाजेल का?
— एक वाचक, गावभाग, सांगली

उत्तर : कॅसेटचं आधी सांगतो, कारण तिथं आणखी उशीर परवडणार नाही. पाण्यानं टेपवरचं गाणं पुसलं जात नाही. टेप म्हणजे पॉलिस्टरची पट्टी आणि तिच्यावर लोखंडाच्या ऑक्साइडचा थर. गाणं असतं ते त्या थरातल्या चुंबकत्वात, आणि नदीचं पाणी त्याला हात लावू शकत नाही. घात करतो तो गाळ, बुरशी आणि ऊन. त्या पुरानंतर गणपती पेठेत माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर पिशव्या भरभरून कॅसेट आल्या होत्या. कुणाच्या घरच्या बारशाची गाणी, कुणाच्या आजोबांचं कीर्तन, एका बाईंनी आणलेला त्यांच्या वडिलांचा नुसता बोलण्याचा आवाज. गाळ धुतल्यावर त्यातल्या बऱ्याच वाजल्या. तेव्हा तुमचीही वाजेल अशी मला आशा आहे.

कॅसेट आहे तशी कुठल्याही यंत्रात घालू नका. गाळाचे कण हेडवर, म्हणजे यंत्रातल्या टेप वाचणाऱ्या भागावरही ओरखडे पाडतात आणि टेपवरही. कवचाला स्क्रू असतील तर ते काढा. चिकटवलेलं कवच असेल तर कडेच्या सांध्यातून पातळ पातं घालून सावकाश उघडा. आतली दोन्ही रिळं टेपसकट उचला. टेपचे वेढे एकमेकांना चिकटले असतील तर ओढायचं नाही. औषधाच्या दुकानात डिस्टिल्ड वॉटर मिळतं, त्यात रिळं भिजत ठेवा, पाणी बदलत राहा आणि वेढे आपणहून सुटू द्या. नळाचं पाणी नको, त्यातले क्षार वाळल्यावर मागे राहतात. मग सावलीत वाळवा. पंखा चालेल. हेअर ड्रायर, गच्चीवरचं ऊन, इस्त्रीची ऊब यातलं काहीही नको, टेप वाकडी होते. पूर्ण सुकली की स्क्रूवाल्या दुसऱ्या कॅसेटचं कवच घ्या. त्यातलं नमद्याचं बारकं पॅड शाबूत आहे ना ते बघा, कारण तेच टेपला हेडवर दाबून धरतं. रिळं त्यात बसवा आणि एकदा पुढून मागून हातानं फिरवून घ्या. पहिल्यांदा वाजवाल तेव्हाच कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग लावून ठेवा. अशी टेप दुसऱ्यांदा तितकीच चांगली वाजेल याची खात्री नसते. हात थरथरत असतील तर मुलीला करायला सांगा. तरुण बोटं या कामात चांगली चालतात.

आता तुमचा खरा प्रश्न.

तुम्ही अल्बम ऐकलाच नाही, असं माझं म्हणणं आहे. तुम्ही फोनवर दोन गाणी ऐकलीत. बहुतेक अल्बमांना ते चाललं असतं, याला चालत नाही. यात मोजून पाच ट्रॅक आहेत. 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड' हे लांबलचक गाणं मधोमध दुभंगून अर्धं सुरुवातीला आणि अर्धं शेवटाला ठेवलंय आणि बाकीची तीन गाणी त्या दोन भिंतींच्या आत आहेत. सगळं मिळून चव्वेचाळीस मिनिटं आणि वर काही सेकंद. नव्वदच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची, म्हणून कॉलेजची मुलं भरून घ्यायला येताना नव्वदचीच कॅसेट आणायची. बाजू न उलटता, मधे न थांबता ते सगळं ऐकण्याची सवय तुम्हाला त्या कॅसेटनं लावली होती. मुलीनं लावून दिलेल्या ॲपमध्ये दोन गाण्यांच्या मधे जाहिरात आली असेल, किंवा ॲपनं स्वतःच्या मनानं क्रम बदलला असेल, तर तुमच्या हाती नुसते तुकडे आले.

सांधे किती महत्त्वाचे आहेत ते रेडिओवाला म्हणून सांगतो. 'हॅव अ सिगार' हे रेकॉर्ड कंपनीच्या गोडबोल्या साहेबावरचं गाणं. शेवटी त्याचा भरदार आवाज एकाएकी आक्रसतो आणि मीडियम वेव्हवरच्या छोट्या ट्रान्झिस्टरमधून यावा तसा पातळ होतो. मग कुणीतरी रेडिओची सुई फिरवतंय. खरखर, कुणाचं तरी बोलणं, चायकोव्हस्कीच्या चौथ्या सिंफनीचा एक झोत, आणि मग एका स्टेशनवर गिटार लागते, ती पुढच्या 'विश यू वेअर हिअर' या गाण्याची. तीही त्या रेडिओतलीच, किनरी, खालचे सूर कापलेली. बँडचा गिटारवाला डेव्हिड गिलमोर, त्याच्या गाडीतल्या रेडिओवरून हे सुई फिरवणं रेकॉर्ड केलं होतं. आपण आकाशवाणी सांगली लावायला १२५१ किलोहर्ट्झच्या आसपास सुई हळूहळू सरकवायचो, आठवतं? अगदी तेच. थोड्या वेळानं दुसरी गिटार सुरू होते, आणि ती रेडिओत नाही. ती खोलीत आहे, भरलेली, लाकडाचा आवाज असलेली. कुणी पोरगा घरी बसून रेडिओवरच्या गाण्याला साथ करतोय. ती सुरू व्हायच्या बेताला गिलमोरचं खोकणंही ऐकू येतं, श्वास घेणंही. या दोन गिटारींमधलं अंतर हाच त्या गाण्याचा प्राण आहे. एकजण दूर आहे, त्याचा आवाज इथवर पोचतोय, पण तो इथं नाही. आणि फोनच्या इवल्याशा स्पीकरला खर्जच नाही हो! त्यावर दुसरी गिटारही पहिलीसारखीच किनरी वाजते. खोलीतला माणूसही रेडिओत जाऊन बसतो. मग तुम्हाला काही झालं नाही, तर दोष तुमच्या विशीचा कसा?

म्हणून निकाल देण्याआधी दोन बरे स्पीकर किंवा साधे वायरवाले हेडफोन घ्या, जाहिराती बंद करा आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा ऐका. एकदा ऐकून पुन्हा काही झालं नाही तरी घाबरू नका. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा ऐकताना माणूस गाण्यापेक्षा स्वतःकडेच कान लावून बसतो. आता येईल, आता अंगावर काटा येईल, अशी वाट बघत बसलं की काटा येत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावा, स्वयंपाकघरात मिसेसशी बोलता बोलता लावा. आठवण पुढच्या दारानं क्वचितच येते.

वेड वयाचं होतं का? वयाचं होतंच, पण नुसतं वयाचं नव्हतं. विशीत आपल्याला गिटार ऐकू येते. बँडमधल्या चौघांना काय झालं होतं ते ऐकू येत नाही, कारण ते आपल्याला अजून झालेलं नसतं. सिड बॅरेटनं हा बँड उभा केला, १९६७च्या पहिल्या अल्बमची जवळजवळ सगळी गाणी त्याची. मग त्याचं मन ढासळत गेलं आणि १९६८मध्ये तो बँडबाहेर पडला. १९७३च्या 'डार्क साइड'नं बाकीच्यांना पैसा आणि नाव एवढं मिळालं की पुढे काय करायचं तेच सुचेना. त्या रिकामपणात हा अल्बम झाला, १९७५मध्ये, लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत. सिड तेव्हा जिवंत होता, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. गेलेल्या मित्रावर गाणी पुष्कळ आहेत. 'शाइन ऑन' मात्र जिवंत असलेल्या मित्रावर आहे, जो असून हाती लागत नाही. ५ जून १९७५ला तो खरोखरच स्टुडिओत आला. अंगानं सुटलेला, डोक्यावर केस नाहीत, भुवयाही काढलेल्या. त्याच्यावरच्याच गाण्याचं काम चाललं होतं आणि बराच वेळ त्याला कुणी ओळखलं नाही. ओळख पटल्यावर बँडची गाणी लिहिणाऱ्या रॉजर वॉटर्सच्या डोळ्यांत पाणी आलं. सिड २००६मध्ये गेला, की-बोर्डवाला रिचर्ड राइट २००८मध्ये.

तुम्ही लिहिलंय, तुमचा रूम पार्टनर आता नाही. त्याच्याच हातनं तुम्हाला हा अल्बम मिळाला. आता तो पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकाल तेव्हा जे येईल ते १९८८चं असणार नाही, आणि नसू दे. तुम्हाला आता त्या माणसांचं दुःख कळतं. तेव्हा तुमच्या दोघांपैकी कुणालाही ते कळत नव्हतं. आठवणींना कमी लेखणारी मंडळी मला आवडत नाहीत. जुनं गाणं ऐकून डोळे भरून येणं हा हळवेपणा नाही, त्या गाण्यानं तुमची इतकी वर्षं सांभाळून ठेवल्याची ती खूण आहे. भरून आले तर येऊ द्या, मुलीसमोरही.

अजून एक सांगतो, कारण ते आपल्या भागातलं आहे. 'शाइन ऑन'मध्ये पहिला शब्द यायला आठ मिनिटांहून जास्त लागतात. आधी नुसता भरलेला आवाज, त्यात ओल्या काचेच्या पेल्यांच्या कडेवरून बोट फिरवून काढलेले सूरसुद्धा मिसळलेत. मग गिटार, मग चारच सूर, पुन्हा पुन्हा. हे चार सूर गिलमोरच्या हातून वाजले आणि ते ऐकून वॉटर्सला सिडवर लिहावंसं वाटलं. काही वर्षांपूर्वी ते मी मिरजेच्या सतारमेकर गल्लीत एका कारागिराला ऐकवले. तो तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा नाद, काढत बसला होता. तारा टेकतात त्या घोडीवर कानस फिरवायची, तार छेडायची, दोरा एक केसभर सरकवायचा, पुन्हा छेडायची. हात न थांबवता त्यानं मागचा भरलेला सूर सा धरला आणि सांगून टाकलं, कोमल गंधार, कोमल निषाद, षड्ज, शुद्ध धैवत. काफी थाटातले सूर. मग म्हणाला, "हा माणूस घाई करत नाही, चांगलं आहे." तेव्हा कुणी तुम्हाला म्हणालं की हे आपल्याकडचं नाही, तुम्हाला काय त्याचं, तर मिरजेला घेऊन जा.

प्रश्न : याच अल्बममध्ये स्टेफान ग्रापेलीनं व्हायोलिन वाजवलंय असं वाचलं. मी स्वतः व्हायोलिन शिकते, पण कितीही कान देऊन ऐकलं तरी सापडत नाही.
— एक विद्यार्थिनी, मिरज

उत्तर : तुमचा कान चांगला आहे, बाळ. ते जवळजवळ ऐकू येतच नाही. ग्रापेली त्याच सुमाराला ॲबी रोडमध्ये यहुदी मेन्युइन या व्हायोलिनवादकाबरोबर रेकॉर्डिंग करत होता, म्हणून शीर्षकगीतावर त्याच्याकडून वाजवून घेतलं. शेवटी मात्र ते इतकं मागे ठेवलं की वाऱ्याच्या आवाजात बुडून गेलं, आणि मूळ कव्हरवर त्याचं नावही घातलं नाही. २०११मध्ये जुनी रेकॉर्डिंग बाहेर काढली, त्यात व्हायोलिन मोकळं ऐकू येणारी प्रत आहे. ती ऐकाच. वाजवलंय सुरेख. तरी ते मागे ठेवलं हे बरोबर झालं असं मला वाटतं. ते गाणं दोन गिटारींचं आहे, तिसरं कुणी आलं की खोलीतला तो पोरगा एकटा राहत नाही. तुम्ही व्हायोलिनवाल्या, तुम्हाला पटणार नाही, पण दोन्ही प्रती लागोपाठ ऐकून काय वाटलं ते मला जरूर कळवा.

प्रश्न : जुन्या कॅसेट ऐकायला सेकंडहँड डेक घ्यायचा आहे. काय बघून घ्यावा?
— एक वाचक, सातारा

उत्तर : दिसायला चकचकीत आहे म्हणून घेऊ नका. झाकण उघडून हेडवर नख फिरवा, खाच लागली तर सोडून द्या. टेपला दाबून पुढे सरकवणाऱ्या पिंच रोलरचं रबर कडक किंवा चिकट झालेलं नको. जाताना हार्मोनियमच्या एकसुरी आवाजाची एखादी कॅसेट खिशात ठेवा आणि लावून बघा. सूर डुलायला लागला तर बेल्ट सैल आहे. बेल्ट बदलून मिळतो, त्याला भिऊ नका. मोटर मात्र घरघरत असेल तर नमस्कार करून निघा. घरी आणल्यावर हेड आणि रोलर ज्याला टेकतो तो दांडा कापसाच्या बोळ्यानं, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा. पहिली कॅसेट अशी लावा की जी गुंडाळली गेली तरी जीव हळहळणार नाही.